असेंब्ली शिकायची तर आधी एक चेंडू हलवा

बडोद्यात कलाभवनात, म्हणजे तिथल्या अभियांत्रिकी कॉलेजात, शिकणारी माझी भाची असेंब्लीच्या, म्हणजे प्रोसेसरला थेट आज्ञा देणाऱ्या भाषेच्या, सूचना पाठ करत बसली होती. मी तिला जुन्या टीव्ही गेमचा, म्हणजे निन्टेन्डोच्या एनईएस या यंत्राचा, प्रोग्राम लिहायला लावलं. त्यातला प्रोसेसर ६५०२ या जुन्या आठ बिटांच्या चिपच्या घराण्यातला. हिशेबाला ए, एक्स, वाय ही तीनच रजिस्टर (प्रोसेसरच्या आतले आकडे ठेवायचे कप्पे) आणि मूळ सूचना ५६, त्यामुळे सगळा आराखडा डोक्यात मावतो.

सीए६५ असेंब्लर (लिहिलेल्या सूचना यंत्राच्या भाषेत बदलणारा) आणि मेसेन एम्युलेटर (संगणकावर एनईएसची नक्कल करणारा) घ्या, दोन्ही फुकट आहेत. पडदा सुरू करायचा, रंग भरायचे हा भाग तयार नमुन्यातून उचला, त्यात सुरुवातीला अडकू नका. बहुतेक नमुन्यांत पहिल्या स्प्राइटची, म्हणजे पडद्यावर हलणाऱ्या छोट्या चित्राची (इथे आपला चेंडू), आडवी जागा मेमरीत $०२०३ या पत्त्यावर असते ($ म्हणजे सोळाच्या पायातला आकडा). दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक नव्या चित्राला, चालू काम थांबवून चालणाऱ्या एनएमआय इंटरप्टमध्ये एकच ओळ घाला: आयएनसी $०२०३, म्हणजे तिथला आकडा एकाने वाढव. चेंडू उजवीकडे सरकू लागेल, आणि २५५ नंतर आकडा शून्यावर येताच डाव्या कडेला उगवेल. आठ बिटांचा ओव्हरफ्लो असा डोळ्यांनी दिसतो, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता तीच ओळ मुख्य लूपमध्ये, म्हणजे प्रोग्राम सतत फिरत राहतो त्या भागात, हलवून बघा. चेंडू वाटेल तिथे उड्या मारेल, कारण एका फ्रेममध्ये ती ओळ हजारो वेळा चालते. मेसेनच्या डीबगरमध्ये (प्रोग्राम थांबवून तपासायची सोय) एकेक सूचना पुढे नेत $०२०३ वर नजर ठेवा. कंट्रोलरची बटणं $४०१६ वरून वाचणं त्यानंतर घ्या. आवाज तर बऱ्याच उशिरा.