एक्सेलमधल्या उलटसुलट तारखा अशा सरळ केल्या

दूध संकलनाची मार्च २०२४ ची फाइल पायथन या प्रोग्रामिंग भाषेत घेतली, तर तारखेच्या रकान्यात निम्मा मजकूर, निम्मे आकडे. काही ठिकाणी १३/०३/२०२४, काही ठिकाणी नुसतं ४५४१५ (एक्सेल तारीख आतून दिवसांच्या मोजणीचा आकडा म्हणून साठवतं).

आकडे तारखेत बदलल्यावर खरी गोम कळली. १ ते १२ मार्चच्या नोंदी जानेवारी ते डिसेंबर अशा वर्षभर पसरल्या होत्या, आणि प्रत्येक महिन्याची ३ तारीखच! म्हणजे ज्या संगणकावर फाइल भरली, त्याची सेटिंग अमेरिकन होती, म्हणजे आधी महिना, मग दिवस. एक्सेलनं ०५/०३ म्हणजे ३ मे धरून आकडा साठवला. १३ वा महिना नसतोच, म्हणून १३/०३ तसाच मजकूर राहिला.

मग दोन वाटा केल्या. मजकुराला पांडाज या पायथनच्या लायब्ररीत दिवस, महिना, वर्ष असा फॉरमॅट स्पष्ट सांगितला. अंदाज त्याच्यावर सोडायचाच नाही. आकड्यांसाठी मोजणीचा मूळ (शून्यावा) दिवस ३० डिसेंबर १८९९ दिला. एक्सेलचा १ हा आकडा म्हणजे १ जानेवारी १९००, मग ३१ का नाही? लोटस १-२-३ या जुन्या स्प्रेडशीट प्रोग्रामशी जुळावं म्हणून एक्सेल १९०० हे लीप वर्ष धरतं. ते नव्हतं, त्यामुळे एक दिवस जास्तीचा मोजला जातो. ४५४१५ चे झाले ३ मे २०२४. दिवस-महिन्याची अदलाबदल केली की ५ मार्च.

ही अदलाबदल फक्त आकड्यांच्या ओळींवर करा, मजकुराच्या नाही. शेवटी सगळ्या तारखा मार्चमध्येच आहेत ना, हे तपासलं आणि रोजची बेरीज केंद्राच्या वहीशी ताडून पाहिली. लिटरला लिटर जुळलं.