ठणकणारी दाढ नेमकी कोणती, हे कसं ठरवायचं

रुग्ण बोट ठेवतो तीच दाढ दुखत असेल असं नाही. दातातल्या नसेची सूज मुळाबाहेर पसरेपर्यंत दुखण्याची जागा नीट कळत नाही. खालच्या दाढेची कळ वरच्या दाढेत किंवा कानात जाणवते. त्यामुळे एक्स-रेआधी विचारपूस करा. सणक गारानं येते की गरमानं? किती वेळ टिकते? आडवं झाल्यावर ठणका वाढतो? वेदनाशामक गोळी कधी घेतली? गोळीचा अंमल असेल तर चाचण्या फसव्या निघतात.

मग थंड चाचणी. दात कोरडा करा, शीतक स्प्रे कापसाच्या बोळ्यावर मारा आणि बोळा दातावर टेकवा. सुरुवात दुसऱ्या बाजूच्या निरोगी दातापासून करा, म्हणजे या रुग्णाची नेहमीची संवेदना कळते. सणक आली आणि काही सेकंदांत गेली, तर नस बहुधा वाचते. 30 सेकंदांपेक्षा जास्त रेंगाळली, तर बहुधा रूट कॅनालची वेळ आलेली असते. काहीच जाणवलं नाही, तर नस मेलेली असू शकते. पण वयस्कर माणसांत नसेची पोकळी अरुंद झालेली असते, कॅप असेल तर गारवा आत पोचत नाही. निव्वळ या उत्तरावर दात उघडू नका.

आरशाच्या दांड्यानं हलकेच ठोका. दुखलं तर मुळाभोवती सूज आहे. वरच्या दोन-तीन दाढा एकदम दुखत असतील आणि वाकल्यावर जडपणा वाढत असेल, तर सायनस तपासा. दाढेच्या एकेका टोकावर काहीतरी ठेवून चावायला द्या. दाब सोडताना कळ आली, तर दाढेला तडा गेल्याची शंका घ्या. प्रोबनं, म्हणजे खुणा असलेल्या बारीक सळईनं, दाताभोवती सहा ठिकाणी हिरडीच्या खाचेची खोली मोजा. 1 ते 3 मिमी ठीक. सगळीकडे 3 आणि एकाच जागी अरुंद 8 मिमी निघाली, तर मुळापर्यंत गेलेला तडा आधी आठवावा.

एक्स-रे शेवटी. हाडातला बराच खनिजांश गेल्याशिवाय मुळाशी काळं दिसत नाही, म्हणून स्वच्छ फिल्म म्हणजे निरोगी दात नव्हे.

रुग्णाचं नेहमीचं दुखणं तुमच्या चाचणीत उमटलं नाही, तर ड्रिल हातात घेऊ नका. बधिर करून पाहा: खालचा ब्लॉक, म्हणजे खालचा जबडा बधिर करणारं इंजेक्शन, दिल्यावर दुखणं थांबलं, तर दुखण्याचा उगम खालच्या बाजूला आहे, दाढ मात्र तेवढ्यानं कळत नाही. आणि चालताना जबडा दुखतो, बसल्यावर थांबतो, असं कुणी सांगितलं, तर आधी हृदयाची तपासणी करायला पाठवा.