जुन्या गाडीला पुढे डिस्क ब्रेक बसवताना

कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) घेण्याआधी चाक तपासा. जुन्या 13 इंची रिममध्ये अनेक कॅलिपर मावतच नाहीत.

खरी गोम मास्टर सिलिंडरमध्ये, म्हणजे पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल ढकलणाऱ्या सिलिंडरमध्ये असते. जुन्या ड्रम ब्रेकसाठीच्या सिलिंडरमध्ये बहुधा सुमारे 10 पीएसआय दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तो डिस्कच्या लाइनवर राहिला तर पॅड घासत राहतात, डिस्क तापते. म्हणून तो काढा. सिलिंडर फ्लोअरखाली, म्हणजे कॅलिपरपेक्षा खाली असेल तर मात्र 2 पीएसआयचा व्हॉल्व्ह हवाच, नाहीतर ऑइल मागे ओघळतं आणि पहिला पेडल पोकळ जातो. सिलिंडर बदलतच आहात तर दोन सर्किटचाच (ऑइलच्या दोन स्वतंत्र लाइनचा) घ्या. सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) वाढवला की पेडल कमी खाली जातो, पण पाय जास्त दाबावा लागतो.

डिस्क बसवण्याआधी हबवरचा गंज घासून काढा. तो राहिला तर डिस्क डगमगते. रबरी होजही नवे टाका. जुने आतून फुगलेले असतात, बाहेरून कळत नाही.

डॉट 4 ब्रेक ऑइलमध्ये सिलिकॉनचं डॉट 5 कधीही मिसळू नका. लाइनमधली हवा काढताना कॅलिपरचा ब्लीड निपल (हवा सोडायचं तोंड) वरच्या बाजूलाच असायला हवा. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाला की निपल खाली जातो, आणि कितीही पंप मारा, पेडल स्पंजीच राहतो.