मेसेजची सत्तर अक्षरं

जून-जुलैत माझा फोन वाजायला लागला की आई न विचारताच ओळखते: कुणाचा तरी मुलगा नाहीतर मुलगी 'कॉम्प्युटर झालेली' आहे. प्रश्न ठरलेले असतात. कोणती लँग्वेज शिकू, क्लास कोणता लावू, लॅपटॉप कोणता घेऊ, आणि पुण्याला लगेच जाऊ की इथे नाशिकला अनुभव घेऊन जाऊ. फोनवर दहा मिनिटांत काय सांगणार, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

आधी लॅपटॉप, कारण घरात भांडणं त्यावरूनच होतात. गेमिंगचा लाल दिव्यांचा लॅपटॉप हप्त्यावर घेऊ नका. मी पहिली तीन वर्षं मामेभावाचा जुना लॅपटॉप वापरला. हार्ड डिस्क काढून तिच्याहून वेगवान एसएसडी टाकली, रॅम ८ जीबी केली, भागलं. आज घेणार असाल तर १६ जीबी बघा, आणि दुकानदाराला एकच गोष्ट नीट विचारा: रॅम पुढे वाढवता येईल का? बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये ती बोर्डावरच जडवलेली असते, मग आयुष्यभर आहे तेवढ्यातच संसार. क्लासबद्दल इतकंच, की सहा महिन्यांत सगळं शिकवून नोकरीची हमी देणाऱ्याकडे आधी फुकट दोन तास बसून बघा. आणि नोकरीला लागताना ओरिजिनल मार्कशीट कुणाच्याही कपाटात ठेवायला देऊ नका. मी दिली होती. परत मिळवायला चार महिने चकरा मारल्या.

आता खरं बोलायचं ते.

माझी पहिली नोकरी गंगापूर रोडला, मेडिकलच्या वर दोन खोल्यांचं ऑफिस, पाच माणसं. आम्ही कांद्याच्या व्यापाऱ्यांसाठी हिशोबाचं सॉफ्टवेअर करायचो. शेतकऱ्याचा ट्रॅक्टर लिलावात लागला, वजन झालं, की हिशोबपट्टी निघायची. सरांनी मला काम दिलं, की पट्टी तयार झाली की शेतकऱ्याला मराठीत मेसेज जायला पाहिजे. सोपं काम. मी इंग्रजी मजकूर टाकून तपासलं, १६० अक्षरांच्या आत बसतंय बघितलं, मग त्याचं छान मराठी केलं:

"नमस्कार, आपल्या कांद्याचे वजन १८.४० क्विंटल झाले. हिशोबपट्टी तयार आहे. कृपया कार्यालयातून घेऊन जावी."

भाषा शुद्ध, आईला वाचून दाखवली, तीही खूश. महिनाअखेरीस पिंपळगावच्या व्यापाऱ्याचा सरांना फोन. मेसेजचं बिल दुप्पट आलंय, तुमचा पोरगा प्रत्येक मेसेज दोनदा पाठवतोय. मी कोड चार वेळा वाचला. एकदाच जात होता.

घोळ अक्षरांत होता. एका एसएमएसमध्ये माल मावतो १४० बाइट (एक बाइट म्हणजे ८ बिट). इंग्रजी अक्षराला त्या जुन्या पद्धतीत ७ बिट लागतात, म्हणून १६० अक्षरं बसतात. मजकुरात एक जरी देवनागरी अक्षर आलं की अख्खा मेसेज अक्षरामागे १६ बिट घेतो, आणि मर्यादा येते ७० वर. ७० च्या पुढे गेलात की मेसेजचे तुकडे होतात, तुकडे जोडायची माहिती जागा खाते म्हणून प्रत्येकात ६७ च उरतात, आणि पैसे तुकड्यामागे लागतात. इंग्रजी मेसेजमध्ये कुणी हौसेने इमोजी टाकला, किंवा वर्डमधून वळणदार अवतरणचिन्ह चिकटवलं, तरी हेच होतं.

बरं, अक्षर म्हणजे तरी काय? 'नाशिक' हा शब्द आपण तीन अक्षरी म्हणतो: ना, शि, क. कॉम्प्युटरला तो ५ वाटतो, कारण काना आणि वेलांटी तो वेगळी मोजतो. फाइलमध्ये यूटीएफ-८ या नेहमीच्या पद्धतीने साठवला तर तोच शब्द १५ बाइट होतो, प्रत्येकाला ३. 'क्ष' आपल्याला एक, त्याला तीन: क, हलन्त (पाय मोडल्याची खूण), ष. माझा तो शुद्ध मराठी मेसेज मी बोट ठेवून मोजला. बरोबर १०० भरला. 'तयार आहे.' पर्यंत ७०, आणि मधली मोकळी जागा धरून 'कृपया' पासूनची ३० अक्षरं, म्हणजे निव्वळ सभ्यपणा, दुसऱ्या मेसेजचे पैसे घेत होती.

सर ओरडले नाहीत. म्हणाले, "उद्या पिंपळगावला जा आणि दिवसभर दिवाणजींशेजारी बस." मला ती शिक्षा वाटली. सकाळची बस पकडून, ओझर मागे टाकत तासाभरात पोचलो. बाजार समितीत ट्रॅक्टरच्या रांगा, धुरळा, आणि गाळ्यात दिवाणजी एका हाताने वही लिहितायत, दुसऱ्या हाताने आमचं सॉफ्टवेअर चालवतायत. वही कशाला, विचारलं. म्हणाले, "तुमच्यात शोधलेलं सापडत नाही भाऊ." कुऱ्हाडे आडनावाचे शेतकरी. नाव स्क्रीनवर समोर दिसतंय आणि शोधलं तर निकाल शून्य. कारण तो अर्धा र दोन पद्धतीने टाइप होतो. एका कीबोर्डवर 'ऱ' ला हलन्त जोडून, दुसऱ्यावर 'र', हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखे, डेटाबेसला दोन वेगळी माणसं. ऑफिसात बसून हे मला दोन वर्षांत कळलं नसतं, कारण आमच्या टेस्टिंगमधले सगळे शेतकरी पाटील होते.

दुपारी त्यांनी मेसेजबद्दल ऐकून घेतलं आणि हसले. "नमस्कार कशाला? आम्ही रोज भेटतो. आणि पट्टी तयार आहे हे काय सांगता, पैसे किती झाले ते लिहा." तेवढ्यात एका आजोबांनी आपला बटणाचा फोन पुढे केला. आमचा मेसेज उघडला तर नुसते चौकोन. त्या फोनमध्ये देवनागरी फॉन्टच नव्हता.

परतताना बसमध्ये मी नवीन मजकूर लिहिला: "कांदा 18.40 क्विंटल, रु. 27340 जमा." मोजून ३५. आकडे इंग्रजी ठेवले, म्हणजे चौकोनांतही निदान रक्कम वाचता येईल. मग तो डीएलटी पोर्टलवर, म्हणजे मोबाइल कंपन्यांच्या मेसेज-नोंदणीच्या वेबसाइटवर, पुन्हा मंजुरीला टाकावा लागला, कारण धंद्याच्या मेसेजचा साचा आधी नोंदवावा लागतो आणि त्यातला ठरलेला शब्द बदलला की परत रांगेत. हेही मला तेव्हाच कळलं.

म्हणून मला विचाराल की पुणे की नाशिक, तर मी सरळ उत्तर देत नाही. पुण्यात पगार जास्त, शिकवणारी माणसं जास्त, हे खरंच आहे, आणि नाशिकला राहून स्वस्तात भागतं म्हणणारे पगाराचा आकडा हळू आवाजात सांगतात. पण माझ्या पुण्यातल्या मित्राने पाच वर्षांत आपलं सॉफ्टवेअर वापरणारा एकही माणूस पाहिलेला नाही. तो माणूस दुसऱ्या खंडात झोपलेला असतो. इथे कांदा आहे, दिंडोरीची द्राक्षं आहेत, सातपूर-अंबडचे कारखाने आहेत, आणि वापरणारा बसच्या तिकिटाइतक्या अंतरावर आहे. पहिली दोन वर्षं इथे काढणार असाल तर ती ऑफिसच्या एसीत घालवू नका. दर महिन्याला एकदा तरी जाऊन मागे उभे राहा, बोलू नका, फक्त बोट कुठे अडखळतंय ते बघा. मुलाखतीत मी आता फ्रेशरला 'नाशिक' ची लांबी विचारतो. कुणी ३ म्हणतं, कुणी ५. "कशासाठी मोजायचीय?" असं उलट विचारणारी एकच मुलगी आली होती, तिला घेतलं.

एआयबद्दल तुम्ही विचारणारच. वापरा, मीही रोज वापरतो. परवा आमच्या ट्रेनीने त्याच्याकडून मेसेज पाठवायचा कोड लिहून घेतला. नीटनेटका, सगळे टेस्ट पास. आत मर्यादा १६० लिहिलेली होती. चूक त्याची म्हणू की ट्रेनीची? मजकूर मराठी आहे हे तिने सांगितलंच नव्हतं, आणि सांगायला पाहिजे हे तिला ठाऊक नव्हतं. तिला दुसऱ्या दिवशीची सकाळची बस सांगितली.

दिवाणजी अजून तिथेच आहेत. वही मात्र बंद झाली. आता त्यांना मेसेजमध्ये ट्रॅक्टरचा नंबर पाहिजे, आणि त्यांच्या व्यापाऱ्याचा आग्रह आहे म्हणून 'धन्यवाद' पण. ३५ अक्षरं शिल्लक आहेत, नंबर बसेल. धन्यवादचं बघू म्हणालोय.