नागपूरजवळच्या कामठीचा वालुकाश्म ओळखायचा कसा?

आधी दगड अंगठ्याने घासा. बोटाला रेती लागली तर निम्मं काम झालं. मग त्यावर थेंबभर पाणी सोडा. सच्छिद्र असेल तर पाहता पाहता पिऊन टाकतो. सीताबर्डीच्या टेकडीवरचा काळा बेसाल्ट असा पाणी पीत नाही. तो लाव्ह्याचा, हा नदीने आणलेल्या रेतीचा.

माझ्या खिडकीत सिल्लेवाड्याकडचा एक तुकडा आहे. भिंगाखाली साखरेसारखे कण, मधेमधे गंजासारखा लाल लेप. तो लोहाचा; त्यानेच कण चिकटलेत. आईला मात्र ती फुटकी वीटच वाटते!

फसवतो तो क्वार्टझाइट, म्हणजे उष्णतेने-दाबाने घट्ट झालेला वालुकाश्मच. फोडून पाहा: वालुकाश्म कणांच्या कडेने फुटतो, क्वार्टझाइट कणांतून आरपार. हातोडी मारताना चष्मा लावा, मी एकदा लावला नव्हता.