रोज रात्री स्वतःची झडती कशी घ्यावी: सेनेकाची पद्धत

रोमन तत्त्वज्ञ सेनेका रोज रात्री स्वतःची झडती घ्यायचा. ‘क्रोधाविषयी’ या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात त्याने ती कशी घ्यायची हे लिहून ठेवलंय. चांगलं जगायची सुरुवात कुठून करावी असं कोणी विचारलं, तर मी इथूनच म्हणेन.

१. वेळ ठरवा. सेनेका दिवा मालवल्यावर बसायचा. त्याची सवय माहीत असल्याने बायकोही तेव्हा गप्प राहायची. तुम्हीही घरात सांगून ठेवा आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा.

२. तीन प्रश्न विचारा. हे प्रश्न सेनेकाने सेक्स्टियस या आधीच्या रोमन तत्त्वज्ञाकडून घेतले: आज कोणती खोड सुधारली? कोणत्या दोषाला आवर घातला? कोणत्या बाबतीत कालच्यापेक्षा बरा झालो?

३. आता दिवसातला एकेक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. खरं काम इथे आहे. ‘मी फार चिडका आहे’ असं म्हणून भागत नाही. कुणावर, कशावरून, काय बोललो ते आठवायला हवं. सेनेकाचे प्रसंग बघा. वादात नको इतका जोर लावला. मेजवानीत मानाची जागा मिळाली नाही, म्हणून यजमानावर राग धरला. एकाची कानउघाडणी इतक्या स्पष्टपणे केली, की तो सुधारला नाहीच, उलट दुखावला. यावर तो स्वतःला बजावतो: यापुढे बोलणं खरं आहे एवढंच पाहू नकोस, समोरच्याला ते सोसेल का तेही पाहा. नीरोसारख्या सम्राटाचा गुरू राहिलेला माणूस जेवणाच्या पंगतीतला रुसवा लिहून ठेवतो, याचं मला फार मोल वाटतं.

४. स्वतःला माफ करा. ‘पुन्हा असं करू नकोस, या वेळी माफ केलं,’ असं सेनेका स्वतःला म्हणतो. ही पायरी गाळू नका. नुसतंच कोसत राहिलात, तर चार दिवसांत झडतीचीच धास्ती बसेल आणि मन गोष्टी लपवायला लागेल. माफी मिळणार हे ठाऊक असेल, तरच सगळं कबूल करता येतं.

५. सकाळी त्याची जोड द्या. इ. स. १६१ ते १८० या काळात सम्राट असलेला मार्कस ऑरेलियस दिवस उजाडताच स्वतःला सांगायचा, की आज लुडबुडे, कृतघ्न, उद्धट लोक भेटणार आहेत. रात्री सापडलेला एखादा प्रसंग आज पुन्हा येणार असेल, तर तेव्हा काय बोलायचं ते घराबाहेर पडण्याआधीच ठरवा.