घरगुती स्फटिक बॅटरी: सामान, कृती आणि तपासणी

स्फटिक बॅटरीबद्दल दोन टोकाच्या गोष्टी ऐकायला मिळतात. कुणी म्हणतं ती हवेतून ऊर्जा खेचते आणि कधीच संपत नाही, तर कुणी म्हणतं सगळी बनवाबनवी आहे. मी हे सेल हौसेने बनवतो आणि इतरांनाही शिकवतो. माझं म्हणणं सरळ आहे: हा साधा गॅल्व्हॅनिक सेल आहे, फक्त फार संथ चालणारा. दोन वेगळे धातू, मध्ये क्षार आणि त्या क्षारात अडकलेलं थोडं पाणी. पहिली बॅटरी बनवणारे इटालियन शास्त्रज्ञ व्होल्टा यांनी १८०० साली जे रचलं त्याच कुळातलं हे प्रकरण. यातलं इंधन म्हणजे जस्त किंवा मॅग्नेशियम, आणि ते झिजतं. ही झीज जितकी मंद ठेवाल तितका सेल जास्त टिकेल. पुढची सगळी कृती या एका गोष्टीभोवती फिरते.

आधी एक हिशोब करू, म्हणजे अपेक्षा जागेवर राहतील. एक ग्रॅम जस्त पूर्ण वापरलं गेलं तर साधारण ०.८२ ॲम्पियर-तास वीज देतं (एक ॲम्पियर-तास म्हणजे एक ॲम्पियरचा प्रवाह तासभर चालेल इतकी वीज). मॅग्नेशियम देतं २.२. समजा सेलमध्ये १० ग्रॅम जस्त आहे आणि त्यातलं निम्मं गंजण्यात फुकट गेलं, तरी चार ॲम्पियर-तास उरतात. एलसीडीचं छोटं घड्याळ काही मायक्रोॲम्पियरवर, म्हणजे ॲम्पियरच्या काही दशलक्षांश भागांवर, चालतं. ते १० धरले तर उत्तर येतं चार लाख तास, म्हणजे ४६ वर्षं. हे झालं कागदावर. प्रत्यक्षात त्याच्या खूप आधी क्षारातलं पाणी उडतं आणि सेल मंदावतो. पण ‘कधीच न संपणारी बॅटरी’ ही समजूत कुठून येते ते यातून दिसतं. वीज इतकी थोडी मागितली जाते की धातू संपताना दिसतच नाही.

ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडन प्रयोगशाळेत एक घंटा आहे. कोरड्या सेलांच्या दोन चळतींवर ती १८४० पासून वाजते आहे. चळतींच्या आत नेमकं काय आहे हे पाहायला त्या उघडाव्या लागतील, आणि उघडल्या तर प्रयोग थांबेल, म्हणून त्यांना कुणी हात लावत नाही. तिथेही जादू नाही. प्रवाह अतिशय सूक्ष्म आहे, एवढंच.

आता सामान. मुख्य लागते तुरटी. खडा घ्या, पावडर नको. खडा स्वच्छ, पारदर्शक असेल तर त्यात भेसळ कमी असते. पोटॅश तुरटी साधारण ९२ अंशांना स्वतःच्याच स्फटिकजलात (स्फटिकात अडकलेल्या पाण्यात) वितळते, आणि म्हणूनच ती आपल्या कामाची. अमोनियम तुरटी मिळाली तरी चालते. पाणी शुद्धीकरणासाठी मोठ्या लाद्यांत विकलं जाणारं ॲल्युमिनियम सल्फेटही पुष्कळदा तुरटी म्हणूनच विकलं जातं, पण ते वेगळं. ते असं सुबक वितळत नाही, आणि स्वस्तातल्या मालात लोह असतं. पिवळट किंवा तपकिरी झाक दिसली तर घेऊ नका.

दुसरं म्हणजे एप्सम सॉल्ट. औषधांच्या दुकानात मिळतं, बागकामाच्या सामानात खत म्हणूनही मिळतं. पाकिटावर ‘मॅग्नेशियम सल्फेट’ एवढंच लिहिलेलं हवं. आंघोळीसाठीचं सुगंधी, रंगीत एप्सम सॉल्ट घेऊ नका, त्यातलं तेल इलेक्ट्रोडवर थर धरतं. पाणी डिस्टिल्ड वापरा, गाडीच्या बॅटरीत घालायला मिळतं तेच.

जस्त मिळवायचा सोपा मार्ग म्हणजे जस्ताची पट्टी विकत घेणं. बोटींच्या तळाला गंजरोधक म्हणून लावतात ते जस्ताचे ठोकळेही चांगले. गॅल्व्हनाइज्ड खिळ्यावर जस्ताचा फक्त पातळ मुलामा असतो. तो संपला की आतलं लोखंड उघडं पडतं आणि सेल घसरतो. एका दुपारच्या प्रयोगाला खिळा पुरेसा आहे, टिकाऊ सेलला नाही.

मॅग्नेशियमसाठी सगळ्यात भरवशाची वस्तू म्हणजे गिझरच्या टाकीतला ॲनोड रॉड. तो नवीन सुटा विकत मिळतो. पण सगळे रॉड मॅग्नेशियमचे नसतात, काही ॲल्युमिनियमचे असतात. हातात घेतल्यावर मॅग्नेशियम अपेक्षेपेक्षा हलकं लागतं. खात्री करायची तर रॉडचा एक कोपरा पॉलिश पेपरने घासा आणि त्यावर व्हिनेगरचा एक थेंब टाका. मॅग्नेशियम असेल तर थेंबात लगेच बारीक बुडबुडे उठतात आणि थेंब फसफसत राहतो. ॲल्युमिनियमवर तोच थेंब जवळजवळ शांत बसून राहतो.

तांब्यासाठी प्लंबिंगचा पाइप घ्या, साधारण २२ मिलिमीटर व्यासाचा. तांब्याऐवजी कार्बन वापरायचा असेल तर ग्रॅफाइटची कांडी विकत घ्या. जुन्या झिंक-कार्बन सेलमधूनही ती निघते, पण सेलवर तसं स्पष्ट छापलेलं असेल तरच हातमोजे घालून उघडा. अल्कलाइन सेलमध्ये दाहक पोटॅश असतं आणि लिथियमचा सेल पेट घेतो. हे दोन्ही कधीही उघडू नयेत.

काय आणू नये हेही सांगतो, कारण या विषयात लांबलचक याद्या फिरत असतात. क्वार्ट्‌झची भुकटी नको: तिची धूळ फुप्फुसात गेली तर कायमचं नुकसान होतं, आणि सेलला तिचा काही फायदा नाही. गॅलेना नको, ते शिशाचं खनिज आहे. मोरचूद नको: विषारी तर आहेच, शिवाय त्यातलं तांबं मॅग्नेशियमवर चढून त्याला झपाट्याने खातं. रोशेल सॉल्टचं नाव फार घेतलं जातं, कारण ते पिझोइलेक्ट्रिक आहे. क्युरी बंधूंनी १८८० मध्ये हा गुण दाखवला, तो खरा आहे. पण पिझो स्फटिक दाबला किंवा सोडला तेव्हाच विद्युतभार देतो, नुसता पडून असताना नाही. तुमच्या सेलची वीज धातूतून येते. महागडे स्फटिक जमवण्यात पैसे घालवू नका.

पहिला सेल जस्त, तांबं आणि तुरटीचा करा. तो सगळ्यात निर्धोक आहे आणि त्यातून सगळं शिकता येतं.

पाइपचा ७ सेंटिमीटरचा तुकडा कापा. आतली बाजू पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, धुवा आणि पूर्ण वाळवा. एका टोकाला प्लास्टिकची चकती इपॉक्सीने चिकटवून बूड बंद करा. जस्ताची पट्टी पाइपपेक्षा दोन सेंटिमीटर लांब ठेवा, म्हणजे वर तार जोडता येईल. पट्टीवर सुती कापडाचे दोन पदर गुंडाळून दोऱ्याने बांधा. हे कापड दोन धातूंना एकमेकांना टेकू देत नाही आणि ओलही धरून ठेवतं. ही पायरी लोक गाळतात. मी कधीच गाळत नाही.

तुरटी वितळवायला काचेचं किंवा स्टीलचं भांडं घ्या. ॲल्युमिनियमचं चालणार नाही, तुरटी आम्लधर्मी असल्याने ते खाते. जे भांडं वापराल ते पुन्हा स्वयंपाकात नेऊ नका. भांडं थेट आचेवर न ठेवता उकळत्या पाण्यावर ठेवा. उकळतं पाणी १०० अंशांचं आणि तुरटी वितळते ९२ ला, त्यामुळे ती वितळते पण करपत नाही. थेट आचेवर तिच्यातलं पाणी उडून जातं आणि ती फुगून पांढरी लाही होते, मग ती सेलच्या उपयोगाची राहत नाही.

तुरटीचे बारीक खडे करून १०० ग्रॅम भांड्यात घाला आणि वर एक चमचा डिस्टिल्ड पाणी टाका. थोडा वेळ काहीच होत नाही. मग खड्यांच्या कडा ओलसर दिसू लागतात, तळाशी पारदर्शक पातळ द्रव साचतो आणि खडे त्यात हळूहळू बुडत जातात. शेवटचा खडा विरला की लगेच ओता. हातमोजे आणि चष्मा हवाच. वितळलेली तुरटी कातडीवर पडली तर तिथेच गोठते आणि चटका खोल जातो.

ओतण्याआधी पाइप गरम पाण्यात बाहेरून थोडा तापवून घ्या. गार तांब्याला टेकताच तुरटी कडेला गोठते आणि मध्ये पोकळी राहते. पट्टी मधोमध धरून अर्धा पाइप भरा, थोडं थांबा, मग वरपर्यंत भरा. गोठताना मध्ये खड्डा पडतो, तो उरलेल्या तुरटीने भरा. कधी कधी द्रव गार झाला तरी पातळच राहतो. तेव्हा तुरटीचा एक कण वरून टाकला की तिथून गोठणं सुरू होतं.

पूर्ण गार झाल्यावर मल्टिमीटर लावा. तांबं धन, जस्त ऋण. साधारण ०.८ ते ०.९ व्होल्ट दिसतील. या आकड्यावर खूश होऊन थांबू नका. मीटर जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही, त्यामुळे मरायला टेकलेला सेलही त्यावर चांगला दिसतो. खरी परीक्षा भाराखाली असते. दोन्ही टोकांमध्ये एक किलोओहमचा रेझिस्टर जोडा आणि पुन्हा व्होल्ट पाहा. मोकळा असताना ०.९ आणि रेझिस्टर लावल्यावर ०.६ आले, तर प्रवाह आहे ०.६ मिलीॲम्पियर. हरवलेले ०.३ व्होल्ट सेलच्या आतच खर्च झाले, म्हणजे आतला रोध सुमारे ५०० ओहम. मग १० किलोओहम लावून तासाभराने आकडा पाहा. तो कुठे स्थिरावतो ती तुमच्या सेलची खरी ताकद. मी प्रत्येक सेलवर कागदाची पट्टी चिकटवून हे आकडे तारखेसह लिहितो, आणि तुम्हीही लिहा. दोन सेलांमध्ये फरक का पडला हे त्याशिवाय कधीच कळत नाही.

असे दोन सेल एकामागे एक जोडले की एलसीडी घड्याळ चालतं. प्रत्येक सेल आपापल्या भांड्यात वेगळा हवा. एकाच क्षारात दोन जोड्या रोवल्या तर व्होल्टेजची बेरीज होत नाही.

दुसऱ्या पायरीला मॅग्नेशियम घ्या, आणि इथे तुरटी पूर्ण सोडा. तुरटीच्या आम्लात मॅग्नेशियम वीज न देताच झिजत राहतं आणि हायड्रोजन सोडतं. त्याऐवजी १०० मिलिलिटर गरम डिस्टिल्ड पाण्यात २०० ग्रॅम एप्सम सॉल्ट विरघळवा. हे द्रावण गार होताना सुयांसारख्या स्फटिकांचा घट्ट गोळा होतो. त्यात चिमूटभर साधं मीठ घातलं तर मॅग्नेशियमवरचा संरक्षक थर फुटतो आणि प्रवाह वाढतो, पण झीजही वाढते. घड्याळासाठी मी मीठ घालत नाही, दिवा पेटवायचा असेल तरच घालतो. सोबत ग्रॅफाइटची कांडी लावली तर मोकळं व्होल्टेज साधारण दीड व्होल्टपर्यंत जातं.

मॅग्नेशियम हॅकसॉने सावकाश कापा, ग्राइंडर लावू नका. त्याचा भुगा पेट घेतो आणि त्यावर पाणी टाकलं तर आग भडकते. भुगा लगेच गोळा करा, कामाच्या जागी कोरडी वाळू ठेवा. ॲनोड रॉडच्या मधोमध पोलादी तार असते. कापलेल्या टोकाला ती उघडी पडते, आणि क्षारात लोखंड व मॅग्नेशियम एकमेकांना टेकले की तिथल्या तिथे छोटा सेल तयार होऊन रॉड आतून पोखरला जातो. ते टोक इपॉक्सीने नीट बुजवा.

सेलच्या तोंडावर मेणाचा थर द्या म्हणजे पाणी उडणार नाही. मेणही उकळत्या पाण्यावरच वितळवा. पण थर पूर्ण बंद करू नका, त्याला टाचणीने एक भोक ठेवा. हायड्रोजन थोडाच निघतो, पण पूर्ण बंद डब्यात तो साचून दाब वाढतो. सेलजवळ ज्योत नको आणि तो कपाटात कोंडूनही ठेवू नका.

एलईडी पेटवायची असेल तर थेट जोडून भागणार नाही. लाल एलईडीलाही सुमारे १.८ व्होल्ट लागतात. कमी व्होल्टेज वाढवून देणारं जूल थीफ नावाचं सोपं सर्किट करा: एक फेराइट कडी, तिच्यावर दोन तारांचे वेढे, एक एनपीएन ट्रान्झिस्टर आणि एक रेझिस्टर. ते साधारण ०.६ व्होल्टपासून सुरू होतं. सेल अशक्त असतो म्हणून रेझिस्टर नेहमीच्या एक किलोओहमऐवजी दहा किलोओहमच्या आसपास ठेवा आणि वेढे जास्त घ्या. उजेड मंद पडेल, पण अंधारात स्पष्ट दिसेल.

काही महिन्यांनी व्होल्टेज भाराखाली घसरलं तर आधी टाचणीच्या भोकातून डिस्टिल्ड पाण्याचे दोन-तीन थेंब सोडा आणि एक दिवस थांबा. सेल बहुतेक वेळा कोरडा पडलेला असतो, संपलेला नसतो. तरीही उठला नाही तर पट्टी काढून पाहा. जस्तावर पांढरी साय धरली असेल तर पॉलिश पेपरने काढा आणि नव्या तुरटीत पुन्हा बसवा. तांब्याचा पाइप कितीही वेळा वापरता येतो. जस्त जाळीसारखं झालं असेल तर नवी पट्टी घ्या. वापरलेल्या तुरटीत जस्ताचे क्षार उतरलेले असतात, तेव्हा ती झाडांना किंवा गटारात टाकू नका. झाकणाच्या बरणीत भरून नाव लिहा आणि जुन्या बॅटऱ्या जिथे गोळा करतात तिथे विचारून द्या.